चांदी टिकते, नाव पुसतं

मराठीत आपण फोटो 'काढतो' आणि रोल 'धुतो'. यातलं दुसरं क्रियापद आता मुलांना कळेनासं झालंय. फोटो काय कपडा आहे धुवायला, असं आमच्या घरातली लहान मुलं विचारतात. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी मात्र चिपळूणच्या बाजारपेठेत "रोल धुवायला टाकलाय, जुम्यानंतर मिळेल" हे वाक्य रोज कानावर पडायचं. ते धुणं आमच्या घरात चालायचं. आम्ही तिघं भावंडं, दोन भाऊ आणि एक बहीण, हायपोच्या आंबूस वासात वाढलो. आमचे अब्बा फोटोग्राफर होते आणि त्यांचा सगळा जन्म काळ्या-पांढऱ्या फोटोंमध्ये गेला.

अब्बांनी दुकान सुरू केलं 1968 साली. पुढच्या काही वर्षांत आखाताची वाट खुली झाली आणि कोकणातल्या मोहल्ल्या-मोहल्ल्यातून तरुण मुलं कुवेत, बहरीन, सौदीला निघाली. प्रत्येकाला पासपोर्टसाठी फोटो हवा असे. जहाजावर जाणाऱ्यांनाही हवा असे. जायच्या आदल्या दिवशी घरातली सगळी मंडळी एकत्र येऊन आणखी एक फोटो काढून घेत. अब्बा म्हणत, "पासपोर्टचा फोटो साहेबासाठी, दुसरा आईसाठी."

दुकानाच्या मागच्या खोलीत उत्तरेकडच्या छपरात त्यांनी काचेची कौलं बसवून घेतली होती. उत्तरेचा उजेड बराचसा सारखा आणि मऊ राहतो. गिऱ्हाईक त्या उजेडात तिरकं बसायचं. चेहऱ्याची एक बाजू उजळायची आणि दुसऱ्या बाजूला हलकी सावली पडायची. सावली फार गडद वाटली तर अब्बा त्या बाजूला पांढरी चादर धरायला आम्हाला उभं करत. चादरीवरून परतलेला उजेड सावलीत शिरायचा आणि बुडालेला डोळा दिसायला लागायचा. रंगीत फोटोत रंग नजर धरून ठेवतो. काळ्या-पांढऱ्या फोटोत ते सगळं काम उजेड-सावलीला करावं लागतं, हे आम्ही त्या चादरीमागे उभे राहून शिकलो.

या विद्येचं मूळ आपल्या घराच्या जवळचं आहे, असं अब्बा अभिमानाने सांगत. बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे कैरोत राहिलेल्या इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी 'किताबुल मनाझिर' हा ग्रंथ लिहिला. वस्तूवरून निघालेला उजेड डोळ्यात येतो म्हणून आपल्याला दिसतं, आणि उजेड सरळ रेषेत चालतो, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवलं. सूर्यग्रहणाच्या वेळी बारीक छिद्रातून समोरच्या पृष्ठभागावर सूर्याची कोर उमटते, त्यावर त्यांनी वेगळा निबंधच लिहिला. अंधारी खोली, एक छिद्र आणि समोर उलटं उमटलेलं चित्र, कॅमेरा म्हणजे मुळात एवढंच. बाकी राहिला प्रश्न ते चित्र धरून ठेवण्याचा. तो एकोणिसाव्या शतकात युरोपात चांदीच्या क्षारांनी सोडवला.

ती कला लवकरच आपल्या पवित्र शहरांपर्यंत पोहोचली. मदीना शरीफचे पहिले ज्ञात फोटो 1861 साली मुहंमद सादिक बे या इजिप्तच्या लष्करी अधिकाऱ्याने काढले. पुढे 1880 च्या हजच्या वेळी त्यांनीच मक्केतही कॅमेरा लावला. त्या काळी काचेवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच फोटो घ्यायचा आणि सुकायच्या आत तिथेच धुवायचा. अरबस्तानातल्या उन्हात हे काम किती कठीण गेलं असेल, याचा विचार करून अब्बा मान हलवत.

तसवीर जायज की नाजायज, हा प्रश्न आमच्या घरातही होता. आमचे दादा फोटोला बसत नसत. उलेमांमध्ये यावर मतभेद आहेत आणि आजही आहेत. इजिप्तचे मुफ्ती शेख मुहंमद बखीत अल-मुतीई यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत असं मत मांडलं होतं, की कॅमेरा नवी आकृती घडवत नाही, तो फक्त पडलेली छाया धरून ठेवतो. दुसऱ्या बाजूचे उलेमा हे मान्य करत नाहीत. अब्बा या वादात पडत नसत. त्यांनी आपल्यापुरत्या मर्यादा आखून घेतल्या होत्या. नमाजच्या खोलीत एकही फोटो लावायचा नाही. दुकानाच्या काचेत कोणाही बाईचा फोटो ठेवायचा नाही. आणि दादांना त्यांनी हयातभर एकदाही "बसा" म्हटलं नाही. दादांचा फोटो आमच्याकडे नाही आणि त्याचं वाईटही वाटत नाही. ती त्यांची मर्जी होती.

आता कामाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ते करणारे हात आता कमी होत चालले आहेत.

फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टी, आणि तिच्यावर जिलेटीनच्या थरात चांदीच्या क्षाराचे अतिसूक्ष्म कण. अब्बा ऊटीच्या सरकारी कारखान्याची 'इंदू' किंवा पूर्व जर्मनीची 'ओर्वो' फिल्म वापरत. 120 नंबरच्या एका रोलमध्ये चौकोनी असे बाराच फोटो निघत, त्यामुळे उगाच बटण दाबायची सोय नव्हती. ज्या कणांवर उजेड पडतो त्यांच्यात बदल होतो, पण तो डोळ्यांना दिसत नाही. डेव्हलपरमध्ये बुडवल्यावर त्या कणांची खरीखुरी चांदी होते आणि ती काळी दिसते. म्हणून उजेड जिथे जास्त पडला तिथे निगेटिव्ह काळी होते. पांढरी दाढी काळी दिसते आणि काळा बुरखा काचेसारखा पारदर्शक.

आपल्या लोकांचे फोटो काढणं म्हणजे फोटोग्राफरची परीक्षाच. एका बाजूला पांढराशुभ्र कुर्ता-टोपी, शेजारी काळा बुरखा, आणि दोघांच्या मध्ये गव्हाळ चेहरे. कुर्त्याकडे पाहून उजेड मोजला तर बुरखा म्हणजे नुसता काळा डाग होतो. बुरख्याकडे पाहिलं तर कुर्त्याच्या चुण्या नाहीशा होतात. जुन्या कारागिरांचा यावर एक नियम आहे. सावलीकडे पाहून एक्स्पोजर ठरवायचं आणि उजेडाकडे पाहून डेव्हलपिंगची वेळ. सावलीत जे फिल्मवर आलंच नाही ते नंतर कोणतंही रसायन आणू शकत नाही. उजळ भाग मात्र डेव्हलपरमधून थोडा लवकर बाहेर काढून आवरता येतो. अन्सेल अ‍ॅडम्स या अमेरिकन फोटोग्राफरने 1940 च्या सुमाराला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांच्या पायऱ्या ठरवून याचं शास्त्रच केलं. अब्बा ते एका वाक्यात सांगत: "काळ्यात काळं बुडू नये आणि पांढऱ्यात पांढरं विरघळू नये."

रंगांचंही भान ठेवावं लागे. लाल आणि हिरवा हे आपल्या डोळ्यांना एकमेकांपासून किती लांबचे रंग, पण काळ्या-पांढऱ्या फोटोत ते बऱ्याचदा एकाच करड्या छटेत येतात. लाल ओढणी आणि हिरवा कमीज घालून हौसेने आलेल्या मुलीला अब्बा अम्मीकरवी निरोप देत, की जरीची किनार असलेली ओढणी असेल तर ती घे. जर उजेड धरते आणि फोटोत चमकते.

अम्मीचं नाव आलंच आहे तर तिचंही काम सांगायला हवं. पडदा पाळणाऱ्या बायकांना पासपोर्टसाठी, हजच्या अर्जासाठी फोटो तर लागत, पण परक्या पुरुषाने ते धुवावेत हे बऱ्याच घरांना रुचत नसे. हैदराबादेत राजा दीनदयाळ यांनी याच कारणासाठी 1892 साली खास बायकांचा स्टुडिओ काढला होता आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती दिला होता. आमच्याकडे ती सोय अम्मीच्या रूपाने झाली. लग्नानंतर दोन वर्षांत ती डार्करूमचं सगळं काम शिकली. पुढे बायकांचे फोटो तीच काढी, तीच धुई आणि पाकिटात घालून चिकटवून देई. अब्बा ती पाकिटं उघडत नसत. "ही लोकांची अमानत आहे," एवढंच ते सांगत.

डार्करूममध्ये लाल दिवा असे, कारण छपाईच्या कागदाला लाल उजेड 'दिसत' नाही. एन्लार्जरमधून काही सेकंद कागदावर उजेड पाडला, की कागद कोराच दिसतो. तो डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सरकवायचा आणि ट्रे हलका हलका हलवत राहायचं. आधी केस उमटतात, मग डोळे, मग कुर्त्याची बटणं. शेकडो वेळा पाहूनही आमची नजर त्या ट्रेवरून हलत नसे. एखादा भाग फार काळा होणार असेल तर अम्मी एन्लार्जरच्या उजेडात हाताची सावली धरी, आणि फिका राहणार असेल तर तेवढ्याच भागाला आणखी काही सेकंद उजेड देई. हात सतत हलता ठेवायचा, म्हणजे सावलीची कड फोटोत उमटत नाही.

कोकणातला मे महिना या कामाचा वैरी. डेव्हलपर साधारण 20 अंशांवर हवा आणि आमच्याकडे नळाचं पाणी तिशीच्या घरात. पाणी गरम असलं की डेव्हलपिंग भरभर होतं, जिलेटीन मऊ पडतं आणि नखाचा ओरखडाही राहतो. म्हणून उन्हाळ्यात रोल धुवायचं काम फजरच्या आधी, विहिरीच्या पाण्यात चाले. डेव्हलपिंगनंतर फिल्म हायपोत जाई. हायपो उरलेला क्षार विरघळवून काढतो आणि फोटो पक्का होतो. पण हा हायपो स्वतः फिल्ममध्ये किंवा कागदात उरला तर काही वर्षांनी फोटो पिवळा पडतो, डागाळतो. त्यामुळे खरी मेहनत शेवटच्या धुण्यात. जाड कागदाचे फोटो तासभर वाहत्या पाण्यात ठेवायचे. घाईत असलेलं गिऱ्हाईक बाहेर ताटकळत बसलेलं असे आणि अम्मी आतून म्हणे, "थांबायला सांगा. आज घाई केली तर यांची नातवंडं पिवळा फोटो बघतील."

आणखी एक गोष्ट अब्बांकडून पाहिली. सुरकुती फोटोत काळी दिसते, म्हणजे निगेटिव्हवर ती पारदर्शक रेघ असते. तिथे टोकदार शिसपेन्सिलीने हलके ठिपके भरले की फोटोतून सुरकुती जाते. अब्बा तरुणांच्या मुरुमांवर पेन्सिल चालवत, म्हाताऱ्यांच्या सुरकुत्यांवर मात्र नाही. "हे अल्लाहने दिलेल्या उमरीचं आहे, ते खोडणारा मी कोण?" असं म्हणत.

रंगीत फोटोंचा जमाना आला, मग डिजिटल आलं. 2004 साली दुकान बंद झालं आणि निगेटिव्ह घरी आल्या. पत्र्याच्या पेट्या, बिस्किटांचे डबे, त्यांत कागदी पाकिटं आणि पाकिटांवर शाईने लिहिलेली नावं. जुन्या फिल्ममधून चांदी काढणारे भंगारवाले दोनदा दारावर येऊन गेले. अब्बांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. 2016 साली अब्बांचा इंतकाल झाला आणि पेट्यांची जबाबदारी आमच्यावर आली. माळ्यावर उन्हाळ्यात भट्टीसारखं तापतं आणि उष्णता निगेटिव्हला सोसत नाही, म्हणून पेट्या खालच्या खोलीत उंच फळीवर ठेवल्या होत्या.

22 जुलै 2021. आदल्या दिवशी बकरी ईद झाली होती. रात्रभर पाऊस कोसळला आणि पहाटे वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं. 2005 चा पूर आम्ही पाहिला होता, त्याच हिशेबाने ती फळी मारलेली होती. या वेळी पाणी फळीच्याही वर गेलं. आम्ही सगळे वरच्या मजल्यावर होतो, अल्हम्दुलिल्लाह, जीव वाचले. पाणी उतरल्यावर खाली आलो तेव्हा पेट्या चिखलात पडल्या होत्या आणि पाकिटांचा लगदा झाला होता.

एका भावाने पेटी उघडून निगेटिव्ह पंचावर पसरायला घेतल्या. जिन्यावरून अम्मी ओरडली, "सुकवू नका! पाण्यात ठेवा!"

तिचं म्हणणं होतं, ओलं जिलेटीन फुगलेलं असतं. दोन निगेटिव्ह एकमेकींना चिकटलेल्या असताना सुकल्या की त्या कायमच्या एक होतात आणि सोडवायला गेलं की चेहरे सोलून निघतात. स्वच्छ, गार पाण्यात असेपर्यंत त्या सुटतात. पण स्वच्छ पाणी आणायचं कुठून? नळ बंद होते. प्यायचं पाणी मदतीच्या गाड्यांमधून येत होतं आणि शेजारी लहान मुलं होती. मेलेल्या माणसांच्या निगेटिव्हवर ते पाणी ओतायचं नाही, यावर आमचं दुमत नव्हतं. अम्मीने वर बोट दाखवलं. पाऊस पडतच होता. आम्ही पन्हळीखाली घमेली, बादल्या, बिर्याणीचे टोप, जे हाताला लागलं ते लावलं. पावसाचं पाणी धुवायला उत्तमच. त्यात क्षार नसतात, त्यामुळे सुकल्यावर डागही राहत नाहीत.

तीन दिवस आम्ही तेच केलं. एका टोपात चिखल सोडवायचा, दुसऱ्यात धुवायचं, तिसऱ्यात विसळायचं. निगेटिव्हची फक्त कड धरायची, मधे बोट लावायचं नाही. वीज नव्हती, म्हणून वरच्या खोलीत सुतळ्या बांधून कपड्यांच्या चिमट्यांना एकेक निगेटिव्ह टांगली. आमच्या घरातले नव्वदच्या दशकातले रंगीत फोटो त्याच पुरात होते. त्यांचे रंग ओघळून लाल-पिवळे पट्टे झाले. काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हपैकी साधारण चौथा हिस्सा गेला, बाकीच्या वाचल्या. रंगीत फोटोत शेवटी उरतो तो रंग, आणि काळ्या-पांढऱ्यात उरते ती चांदी. तीस-चाळीस वर्षांपूर्वी फजरच्या आधी केलेलं पक्कं काम त्या आठवड्यात कामाला आलं.

पण निगेटिव्ह सुकल्यावर जे लक्षात आलं ते जास्त जड होतं. चांदी वाचली होती, शाई वाचली नव्हती. पाकिटांवरची नावं गेली, गिऱ्हाइकांच्या वह्यांचा लगदा झाला. आमच्यासमोर सुतळीवर शेकडो चेहरे लटकत होते आणि एकाचंही नाव लिहिलेलं नव्हतं.

पूर ओसरल्यावर लोक यायला लागले. कुणाचा अल्बम वाहून गेला होता, कुणाच्या मरहूम वडिलांचा एकुलता एक फोटो चिखलात गेला होता. "चाचांकडे आमची निगेटिव्ह असेल का?" असं विचारत. असेलही, पण ओळखायची कशी? निगेटिव्हमध्ये केस पांढरे, चेहरा काळा आणि डोळ्यांच्या बाहुल्या काचेच्या. आम्हाला त्यात सगळे सारखेच दिसत होते.

अम्मीला दिसत नव्हते. तिने निम्मं आयुष्य लाल दिव्याखाली उलटे चेहरे वाचण्यात घालवलं होतं. खिडकीजवळ बसून, चष्मा कपाळावर सरकवून, निगेटिव्ह उजेडाला धरून ती सांगू लागली. ही अमुक मोहल्ल्यातली, हिचा निकाह पावसात झाला. हा जहाजावर गेला, पहिल्या पगारात घड्याळ घेऊन आला आणि ते घालून परत फोटोला बसला. ही आपल्या सासूला घेऊन हजला गेली. आम्ही नव्या कागदी पाकिटांवर शिसपेन्सिलीने लिहीत गेलो. शाई पसरते, शिसपेन्सिल पाण्यातही टिकते, हा धडा पुराने दिला.

ते काम अजून संपलेलं नाही. अम्मीने पंच्याहत्तरी ओलांडली आहे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे आणि रोज दहा-बारा निगेटिव्हच्या पुढे ती जात नाही. जेवढे चेहरे ती ओळखेल तेवढ्यांना नाव मिळेल. बाकीचे चांदीत राहतील, पण कोण होते ते सांगणारं कोणी नसेल. ही गोष्ट आम्ही एकमेकांशी फार बोलत नाही, पण तिघांनाही ती माहीत आहे.

निगेटिव्ह परत करण्याचा नियम अब्बांचाच ठेवला आहे. ज्या घरची निगेटिव्ह त्या घरालाच मिळते. बायकांची पाकिटं अम्मी स्वतः त्या घरच्या बायकांच्याच हातात देते. जुन्या चिपळूणचे फोटो म्हणून हे सगळं मोबाइलवर टाका, लोकांना आवडेल, असं पुष्कळांनी सुचवलं. आवडेलही. पण पडद्यातली बाई ज्या विश्वासाने अम्मीसमोर बसली, तो विश्वास तिच्या इंतकालानंतर संपतो असं आम्हाला वाटत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कपाटात, ट्रंकेत असे फोटो असतील. म्हणून थोडं सांगावंसं वाटतं. काळे-पांढरे फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये ठेवू नका. साध्या कागदी पाकिटात, कोरड्या आणि फार न तापणाऱ्या जागी ठेवा. लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही. फ्रेममध्ये फोटो काचेला टेकू देऊ नका. दमट हवेत तो काचेला चिकटतो आणि ओढला की फाटतो. चिकटलाच असेल तर काचेसकट त्याचा फोटो काढून घ्या. फोटो भिजले तर गठ्ठ्यात सुकू देऊ नका, स्वच्छ गार पाण्यात सोडवा आणि एकेक करून सुकवा.

आणि सगळ्यात आधी एक काम करा. येत्या सुट्टीत दादी, नानी, फुफी, खाला, जी कोणी वडीलधारी हयात असेल तिच्याजवळ फोटोंचा डबा घेऊन बसा. एकेक फोटो दाखवा, ती सांगेल ते नाव, गाव आणि साधारण साल फोटोच्या मागे कडेला मऊ शिसपेन्सिलीने, दाब न देता लिहा. चांदीचं काम चांदीने केलं आहे. नावाचं काम आपलं आहे, आणि ते सांगणारी माणसं आपल्यात असेपर्यंतच ते होऊ शकतं.